पंपिंग तीस, पण पट्टी किती रुंद?

आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात हृदयाचं दुखणं एका आकड्यात सांगायची रीत पडली आहे. ओतूरच्या कांदा बाजारात, आळेफाट्याच्या एसटी थांब्यावर, दशक्रियेला जमलेल्या पाहुण्यांत कुणी तरी विचारतं, ‘आता कसं आहे अण्णांचं?’ उत्तर येतं, ‘पंपिंग तीसवर आलंय.’ पुढं कुणी फारसं विचारत नाही. बांध चढताना लागणारा दम, संध्याकाळी पायावर येणारी सूज, आडवं पडलं की होणारी घुसमट आणि त्यासाठी उशाला रचलेल्या तीन उशा, हे सगळं त्या तीसमध्ये आलं असं धरून चालतात.

तो आकडा खोटा नाही. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं, ते इको तपासणीत मोजतात. निरोगी माणसाचंही पंपिंग शंभर नसतं. पंचावन्न-साठ म्हणजे उत्तम. पस्तीस किंवा त्याखाली गेलं की डॉक्टर गंभीर होतात. पण या आजारात आणखी एक आकडा आहे. तो इकोत दिसत नाही, साध्या ईसीजीच्या पट्टीवर छापलेला असतो. तो कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. थकलेलं हृदय पेसमेकरनं सावरता येईल का, याचं निम्मं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे. गेल्या तीस वर्षांत या उपचारावर जगात जे काम झालं त्याचा आढावा घेताना मी त्या आकड्याचं बोट सोडणार नाही.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. आपल्या बोलण्यात ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा त्यांना तसं म्हणायचं नसतं. हृदय चालू आहे, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवायला ते कमी पडतंय, इतकाच त्याचा अर्थ. हृदयविकाराचा झटका घटकेत येतो. हे दुखणं वर्षानुवर्षं चालतं. त्याच्यामागे जुना झटका असू शकतो, अंगावर काढलेला रक्तदाब, मधुमेह, दारू किंवा झडपांचा आजार असू शकतो, बाळंतपणाच्या आसपास दुबळं झालेलं हृदय असू शकतं, किंवा कारणच न सापडलेलं हृदयाचं फुगणं असू शकतं. या एका शब्दापायी काही घरांत पहिल्याच दिवशी आशा सोडतात, तर काही घरांत ‘झटका तर आलेला नाही’ म्हणून गोळ्या सोडतात. दोन्ही महागात पडतं.

आजार जीवघेणा आहे, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. केरळात त्रिवेंद्रमच्या नोंदवहीत २०१३ मध्ये हृदय निकामी होऊन दाखल झालेले १,२०५ रुग्ण नोंदले गेले. त्यांचं सरासरी वय ६१ होतं, आणि पाच वर्षांत त्यांतले सुमारे ५९ टक्के दगावले. पुढं देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी मिळून १०,८५१ रुग्णांची नोंद केली. तिथंही सरासरी वय साठच्या आसपास भरलं आणि दाखल झाल्यापासून ९० दिवसांत शंभरातले चौदा गेले. युरोप-अमेरिकेत हा सत्तरीपलीकडच्यांचा आजार मानतात. आमच्याकडे साठी म्हणजे सातबारा अजून बापाच्याच नावावर आणि रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाणाराही बापच, असं वय.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे. हृदयाचे स्नायू मनाला येईल तसे आकसत नाहीत. उजव्या वरच्या कप्प्यातून विजेचा इशारा निघतो, मधल्या गाठीत क्षणभर थबकतो, मग एका जाड वाटेनं खाली उतरतो आणि उजव्या-डाव्या फांद्यांत फुटतो. त्या जाड वाटेचा शोध विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये लावला. तिच्या वरची गाठ आणि खालच्या फांद्या यांची सलग मांडणी जर्मनीतल्या मारबुर्गला काम करणाऱ्या सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी १९०६ मध्ये केली. या फांद्या शाबूत असल्या की डाव्या कप्प्याच्या सगळ्या भिंती जवळजवळ एकाच वेळी आकसतात. डावी फांदी बंद पडली की घोटाळा होतो. इशारा उजवीकडून स्नायूतून स्नायूत झिरपत, रेंगाळत डावीकडे पोचतो. मधला पडदा आधी आकसतो, बाहेरची भिंत मागाहून. पडद्यानं ढकललेलं रक्त बाहेर जाण्याऐवजी ढिल्या भिंतीत जातं, आणि भिंत जागी होते तोवर पडदा सैलावलेला असतो.

ज्यानं नांगर धरलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जोडीतला एक बैल आधी ओढू लागला आणि दुसरा क्षणभर मागे राहिला, की जू तिरपं होतं. दोन्ही बैल ताकदीचे असले तरी तास वाकडं जातं आणि बैल थकतात. पहिल्या बैलाला चाबूक मारून उपयोग नसतो. मागे राहणाऱ्याला वेळेवर उठवावं लागतं.

ईसीजीच्या कागदावर बारीक चौकटी असतात. कागद नेहमीच्या वेगानं सरकला तर एक बारीक घर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, ४० मिलिसेकंद. खालचे कप्पे आकसताना पट्टीवर जो उंच टोकदार आलेख उठतो, त्याला क्यूआरएस म्हणतात. निरोगी माणसात तो तीन घरांच्या आत आटोपतो. डावी फांदी बंद असेल तर तो पसरतो, त्याला खाच पडते, आणि १५० मिलिसेकंदांपुढे, म्हणजे पावणेचार घरांपुढे तो गेला की बैल चांगलाच मागे पडतोय असं समजावं. बहुतेक मशीन हा आकडा पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात आपोआप छापतात. इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित माहिती वैद्यकात दुसरी फार थोडी असेल.

पेसमेकरचा इतिहास या घोटाळ्यापेक्षा जुना आहे, आणि गंमत नव्हे तर खंत वाटावी अशी गोष्ट म्हणजे सुरुवातीला पेसमेकरच हा घोटाळा निर्माण करत होता. स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासच चालला, मग दुसरा बसवला. लार्सन पुढं २००१ पर्यंत जगले आणि आयुष्यात त्यांना २६ पेसमेकर लागले. हे सगळे पेसमेकर हृदय फार सावकाश चालणाऱ्यांसाठी होते: ठोका चुकला की ठोका द्यायचा. तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला टेकवायची, कारण शिरेतून तिथं पोचणं सोपं. पण उजवीकडून ठोका दिला की डावी बाजू उशिरा जागी होते, म्हणजे डावी फांदी बंद पडल्यासारखंच. ज्यांचं हृदय आधीच दुबळं आहे त्यांना हे सोसत नाही, हे २००२ च्या ‘डेव्हिड’ नावाच्या चाचणीनं दाखवलं. ५०६ रुग्णांपैकी ज्यांच्या उजव्या कप्प्याला यंत्र सतत ठोके देत होतं, त्यांची अवस्था यंत्र गप्प बसलेल्यांपेक्षा वाईट झाली.

मग डाव्या भिंतीलाही तार लावून दोन्ही बाजूंना एकदम इशारा दिला तर? फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं आणि १९९४ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. रुग्ण ५४ वर्षांचा, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या पट्टीवरचा आलेख २०० मिलिसेकंद रुंद होता, पाच घरं. डाव्या कप्प्याची तार तेव्हा छाती उघडून हृदयाच्या बाहेरून शिवावी लागली. सहा आठवड्यांत त्या माणसाचं वजन १७ किलोंनी उतरलं. ते वजन म्हणजे अंगात साचलेलं पाणी होतं. हे वाचताना मला पाय दाबला की खड्डा पडणारे आमच्याकडचे कितीतरी म्हातारे आठवतात.

छाती उघडायची म्हणजे अशा रुग्णाला मरणाच्या दारात नेणं. त्याच दशकात फ्रान्समधल्याच रेन शहरातल्या दोबेर यांच्या गटानं वाट सोपी केली. हृदयाचं स्वतःचं रक्त परत आणणाऱ्या शिरा डाव्या कप्प्याच्या बाहेरून जातात; मानेखालच्या शिरेतून तार आत सरकवत त्यातल्या एका शिरेत नेऊन ठेवायची. आजही ही शस्त्रक्रिया अशीच होते. डाव्या हसलीखाली जागेपुरती भूल देऊन छोटी चीर, कातडीखाली काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र, आणि तीन तारा: एक उजव्या वरच्या कप्प्यात, एक उजव्या खालच्यात, तिसरी त्या शिरेतून डाव्या भिंतीवर. रुग्ण जागा असतो. तिसऱ्या तारेचा मात्र नेम नसतो. कुणाची शीर वाकडी असते, कुणाची बारीक, कुणाच्या बाबतीत तार श्वासपटलाच्या नसेजवळ पडते आणि पोटाशी उचकीसारखे झटके बसत राहतात.

एवढ्या खटपटीचा फायदा किती? २००१ च्या ‘म्युस्टिक’ चाचणीत सगळ्यांना यंत्र बसवलं, पण तीन महिने चालू आणि तीन महिने बंद ठेवलं. कधी चालू आहे हे रुग्णाला सांगितलं नाही. सहा मिनिटांत चालता येणारं अंतर चालू काळात २३ टक्क्यांनी जास्त भरलं, आणि कोणता काळ बरा वाटला असं विचारल्यावर ८५ टक्के रुग्णांनी यंत्र चालू असलेला काळच निवडला. मला या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. २००५ च्या ‘केअर-एचएफ’ चाचणीनं मग जीव वाचण्याचा हिशोब मांडला. ८१३ रुग्ण, सरासरी अडीच वर्षांच्या जवळपास पाठपुरावा. नुसत्या औषधांवर होते त्यांतले ३० टक्के गेले, औषधांसोबत यंत्र होतं त्यांतले २० टक्के. हे यंत्र फक्त ठोके देणारं होतं, विजेचा झटका देणारं नव्हे. पुढं ‘मॅडिट-सीआरटी’ आणि ‘राफ्ट’ या चाचण्यांनी कमी त्रास असलेल्यांनाही फायदा होतो हे दाखवलं. या उपचाराला वैद्यकात सीआरटी म्हणतात. सोप्या मराठीत, हृदयाच्या भिंतींचा ताल पुन्हा जुळवणं.

इथवरची गोष्ट यशाची. यश मिळालं की हात सैल सुटतो, तसंच झालं. ज्यांची पट्टी रुंद नाही, पण इकोत भिंती पुढेमागे हलताना दिसतात, त्यांनाही यंत्र द्यावं असं अनेकांना वाटू लागलं. २०१३ मध्ये ‘इको-सीआरटी’ चाचणीत क्यूआरएस १३० मिलिसेकंदांच्या आत असलेल्या ८०९ जणांना यंत्र बसवलं; निम्म्यांचं चालू, निम्म्यांचं बंद. चाचणी मध्येच थांबवावी लागली. यंत्र चालू असलेल्यांतले ४५ जण गेले होते, बंद असलेल्यांतले २६. अरुंद पट्टीचा अर्थ दोन्ही बैल आधीच बरोबर ओढताहेत. तिथं मध्ये हात घालून आपणच जू तिरपं करतो. ज्या रुग्णाला हे यंत्र ‘पंपिंग कमी आहे, बसवून घ्या’ एवढ्याच आधारावर सुचवलं जातं, त्याच्या घरच्यांना हा ४५ आणि २६ चा हिशोब माहीत असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रुंद पट्टीतही सगळे सारखे नाहीत. डाव्या फांदीचा अडथळा आणि १५० च्या पुढची रुंदी असेल तर फायद्याची खात्री सर्वाधिक. उजव्या फांदीचा अडथळा असेल तर बराच कमी. हृदयविकाराच्या झटक्यानं बाहेरची भिंत मेली असेल आणि तार त्याच वाळलेल्या जागेवर टेकली, तर इशारा देऊन उपयोग नाही. बायकांचं हृदय आकारानं लहान असतं, त्यामुळे त्यांच्यात १३० ते १५० मधली रुंदीही पुरेशी ठरते, असं अमेरिकेत चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये दाखवलं गेलं. तरीही चाचण्यांत बायकांची संख्या कायम थोडीच राहिली. गावाकडे ही उणीव दुप्पट होते, कारण बाईचा दम ‘वयामुळे’, ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून घरातच मिटवला जातो आणि तिची पट्टी निघतच नाही. आणि सगळं जुळूनही सुमारे तीनांत एकाला म्हणावा तसा गुण येत नाही, हेही यंत्र बसवण्याआधीच सांगायला हवं.

समजा, पिंपळगाव जोगा धरणाच्या अंगाच्या एखाद्या वाडीतला बासष्ट वर्षांचा शेतकरी आहे. पंपिंग अठ्ठावीस, पट्टी १६० ची, डाव्या फांदीचा अडथळा. उद्याच पुण्याला न्यायचं का? नाही. आधी औषधं. चार प्रकारच्या गोळ्या आज या आजाराचा पाया आहेत: बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन आणि मुळात मधुमेहासाठी आलेली डॅपाग्लिफ्लोझिन. योग्य मात्रेत तीन महिने घेतल्यावर पुन्हा इको करायचा आणि पंपिंग पस्तीसच्या आतच राहिलं तर यंत्राचा विचार करायचा, अशी रीत आहे. अनेकांचं पंपिंग गोळ्यांनीच वर येतं. यातल्या दोन महाग गोळ्यांची मक्तेदारी भारतात संपली, डॅपाग्लिफ्लोझिनची २०२० मध्ये आणि सॅक्युबिट्रिल-वलसार्टनची २०२३ मध्ये, आणि किमती खाली आल्या. ओतूरच्या माणसासाठी गेल्या दहा वर्षांतली ही मोठी बातमी होती. ती कुठल्या पेपरात पहिल्या पानावर आल्याचं मला आठवत नाही.

पण गोळी मिळणं आणि पुरेशी मात्रा मिळणं यात फरक आहे. बीटा ब्लॉकर अगदी थोड्या मात्रेनं सुरू करून दर दोनेक आठवड्यांनी वाढवायची असते. त्यासाठी रुग्णानं परत जावं लागतं, नाडी-रक्तदाब मोजून घ्यावा लागतो, पोटॅशियम तपासावं लागतं. सुगीच्या दिवसांत कोण जातं? सुरुवातीची मात्राच वर्षभर चालू राहते आणि वर्षानं म्हणतात, गोळ्यांनी काही झालं नाही. वर सांगितलेल्या देशव्यापी नोंदीत मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे औषधं मिळणारे रुग्ण निम्म्याहून कमी होते. मात्रा वाढवण्याचं काम करायला हृदयतज्ज्ञच पाहिजे असं नाही. गावातला डॉक्टर ते करू शकतो, पुण्याच्या तज्ज्ञानं त्याला चिठ्ठीवर पायऱ्या लिहून दिल्या पाहिजेत.

यंत्राचा निर्णय झालाच, तर पुढचा प्रश्न: साधं ताल जुळवणारं, की धोका दिसताच आतून विजेचा झटका देणारंही? दुसरं खूपच महाग आणि बॅटरी लवकर खाणारं. ज्यांच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही, हृदय नुसतंच फुगलंय, अशा १,११६ रुग्णांवरच्या डेन्मार्कमधल्या ‘डॅनिश’ चाचणीनं २०१६ मध्ये दाखवलं की झटक्याच्या यंत्रानं एकूण मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना ताल जुळवणारं यंत्र होतंच. जुना हृदयविकाराचा झटका असेल तर गणित वेगळं. पण प्रत्येकालाच महागातलं यंत्र लागतं, हे खरं नाही. जमीन गहाण टाकण्याआधी हा एक प्रश्न डॉक्टरांना शांतपणे विचारावा.

पैशाचं बोलायचं तर साध्या पेसमेकरपेक्षा तीन तारांच्या यंत्राची किंमत कितीतरी पट असते, आणि झटक्याचं यंत्र त्याच्याही वर. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आधीची दीड लाखांची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेली आहे. मात्र यादीत ‘पेसमेकर’ हा शब्द दिसला म्हणजे त्यात तीन तारांचं यंत्र आलंच असं कुणी समजू नये. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून नेमकं यंत्र, नेमकी रक्कम आणि वरचा खर्च लिहून घ्यावा, मगच दाखल व्हावं.

इथं या विषयातला मला सर्वांत आशेचा वाटणारा भाग येतो, आणि त्यात एक नाव आपल्या ओळखीचं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेयर नावाच्या छोट्या गावात, रॉबर्ट पॅकर रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. प्रमोद देशमुख यांनी सरळ प्रश्न विचारला: दोन बाजूंना दोन तारा लावण्यापेक्षा, निसर्गानं बनवलेल्या वाटेतच इशारा सोडला तर? हिसनं १८९३ मध्ये दाखवलेली ती जाड वाट नखाएवढ्या जागेत असते. तिच्यावर नेमकी तार स्क्रूसारखी बसवायची. २००० मध्ये त्यांच्या गटानं १८ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. १२ जणांत कायमची तार बसवता आली, आणि त्यांचं सरासरी पंपिंग २० वरून ३१ वर गेलं. हे सगळे अरुंद पट्टीचे रुग्ण होते. ठोके देताना त्यांच्या पट्टीची रुंदी बिघडली नाही, हेच त्यातलं यश. काम अवघड होतं, हत्यारं तयार नव्हती, आणि पंधराएक वर्षं जगानं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मुंबई-पुण्यापासून लांबच्या गावात बसलेल्या माणसाला नवं काही सुचत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी सेयर नकाशावर शोधून पाहावं.

२०१७ मध्ये चीनमधल्या वेन्झोउच्या हुआंग वेजियान यांनी पुढचं पाऊल टाकलं. तार मधल्या पडद्यात खोल नेऊन, अडथळ्याच्या पलीकडे, थेट डाव्या फांदीपाशी टेकवली. त्यांच्या पहिल्या रुग्ण बाईचं पंपिंग वर्षभरात ३२ वरून ६२ वर पोचलं. हिसच्या वाटेपेक्षा ही जागा मोठी, तार टिकाऊ बसते, बॅटरीही कमी खर्च होते. भारतात मदुराईच्या वेलम्माल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. शुन्मुग सुंदरम पोन्नुसामी यांनी या पद्धतीवर बरंच काम प्रसिद्ध केलं आहे. अमेरिकेतले डॉ. पुगळेंदी विजयरामन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १,७७८ रुग्णांची तुलना मांडली: मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात दाखल होण्याचं एकत्रित प्रमाण तीन तारांच्या जुन्या पद्धतीत २८ टक्के, डाव्या फांदीच्या पद्धतीत सुमारे २१ टक्के. कुणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून ही तुलना शेवटचा शब्द मानता येत नाही. चिठ्ठ्या टाकून केलेली २०२२ ची चाचणी अवघ्या ४० रुग्णांची होती. तिच्यातही पंपिंग नव्या पद्धतीत जास्त सुधारलं. अमेरिका आणि कॅनडात मोठी चाचणी हाती घेतली गेली आहे.

ओतूरला याचं काय? खूप काही. डाव्या फांदीची पद्धत साध्या, दोन तारांच्या पेसमेकरवरही करता येते. जे यंत्र सरकारी योजनेत आणि मध्यमवर्गीय खिशात बसतं, त्यातूनच तीन तारांच्या यंत्राचं काम होण्याची शक्यता तयार झाली आहे. आता कौशल्य यंत्रात नसून तार बसवणाऱ्या हातात आहे. म्हणून पुण्यात किंवा नाशिकला डॉक्टर निवडताना ‘कुठल्या कंपनीचं बसवता?’ याआधी ‘डाव्या फांदीच्या पद्धतीनं तुम्ही किती जणांना बसवलंय?’ हे विचारायला हवं. ज्यांना ठोका सावकाश पडतो म्हणून साधा पेसमेकर लागणार आहे, पण ज्यांचं पंपिंग आधीच थोडं कमी आहे, त्यांनी तर हे विचारायलाच हवं. उजव्या टोकाला तार टेकवून पुढचा घोटाळा आपणच का विकत घ्यायचा?

यंत्र बसवून घरी आल्यावर शेतकऱ्याचं आयुष्य पुन्हा तेच असतं, फक्त काही सवयी बदलाव्या लागतात. सुरुवातीचा दीडेक महिना त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि कांद्याची गोण उचलायची नाही. तार जागेवरून निसटू शकते. पाठीवरच्या फवारणी पंपाचा पट्टा नेमका हसलीवर घासतो, तो त्या बाजूला नको. मोबाइल डाव्या वरच्या खिशात ठेवू नये, वीतभर लांब ठेवावा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट दूर राहावं. चालू ट्रॅक्टरच्या किंवा इंजिनाच्या अंगावर ओणवं होऊन काम करू नये, वेल्डिंग करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि आमच्या भागात बिबट्या-रानडुकरांसाठी बांधाला जे सौर झटका मशीन लावतात, त्याच्या तारेला हात लागू देऊ नये. घरच्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण तार ओढायला नेहमी म्हाताऱ्यालाच सांगितलं जातं. घरातली वीज, टीव्ही, मिक्सर, लांबून चालू होणारी पाण्याची मोटर यांचं भय बाळगायचं कारण नाही.

गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत. मशीन बसवलं म्हणजे गोळ्या संपल्या, हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय आणि तो घातक आहे. लोणचं, पापड, सुकट यांवर हात आवरता ठेवायचा आणि रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी असतं, डॉक्टरला गाठायचं. वर्षातून एकदोनदा यंत्राची तपासणी करावी लागते. त्यात शेकडा किती ठोके यंत्राचे पडताहेत तेही दिसतं. ताल जुळवण्यासाठी बसवलेल्या यंत्रात हे प्रमाण नव्वदीच्या बरंच वर हवं. हृदयाची अनियमित धडधड त्यात खो घालते, ते लवकर कळलं तर सुधारता येतं. शंभरेक किलोमीटर जाऊन-येऊन मजुरी बुडवून ही तपासणी करायची असते, म्हणून ती सर्वांत आधी टळते.

तीन तारांच्या यंत्राची बॅटरी साधारण पाच-आठ वर्षं टिकते, मग यंत्र बदलावं लागतं, तारा सहसा त्याच राहतात. आणि कधी तरी यंत्र माणसाच्या मागे उरतं. हे बोलायला जड जातं, पण आमच्याकडे दहन करतात आणि बॅटरी आगीत फुटते. म्हणून नदीकाठी नेण्याआधी यंत्र काढावं लागतं. कातडीखालचं काम आहे, फार वेळ लागत नाही. घरच्यांपैकी एकाला तरी हे आधीच माहीत असावं आणि यंत्राचं कार्ड रेशनकार्डाजवळ ठेवावं.

काढलेल्या यंत्राचं पुढं काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी मृतांच्या शरीरातून काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर जमा केले. ते निर्जंतुक करून मुंबईत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले, आणि त्यांच्यात यंत्रामुळे जंतुसंसर्ग किंवा बिघाड झाला नाही, असा अहवाल डॉ. भरत कंथारिया आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्याच रुग्णालयात डॉ. यश लोखंडवाला आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ८१ जणांना झटक्याची यंत्रंही अशीच बसवली. तो अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेनं तर ताल जुळवणारी यंत्रंही पुन्हा वापरली. २०२० मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी पुन्हा वापरलेली यंत्रं बसवलेल्या १,०५१ रुग्णांची नव्या यंत्रांच्या ३,१५३ रुग्णांशी तुलना केली. दोन वर्षांत जंतुसंसर्ग किंवा त्यामुळे मृत्यूचं प्रमाण दोन टक्के विरुद्ध सव्वा टक्का निघालं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. वांद्र्याच्या त्या ५३ जणांच्या हसलीखाली जे यंत्र काम करत होतं, ते कुठल्या तरी घरातल्यांनी अंत्यविधीच्या आधी ‘हो, काढा’ म्हटलं म्हणून तिथवर पोचलं होतं.